पावाचा राखणदार

मी आळशी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. बायको बेकरी चालवते आणि मी तिला मनापासून पाठिंबा देतो, बहुतेक वेळा खुर्चीत बसून. त्यावरून सासरेबुवा मला ‘लाटसाहेब’ म्हणायचे. माणसाने ऐकून तरी किती घ्यायचं? शेवटी एक दिवस मी जाडजूड शब्दकोश काढला आणि ह्या लाटसाहेबाची पाळंमुळंच खणून काढली!

लाट आला इंग्रजीतल्या लॉर्डवरून. आणि जुन्या इंग्रजीत लॉर्ड म्हणजे कोण? पावाचा राखणदार! लेडी म्हणजे पावाची कणीक मळणारी! कोश काखोटीला मारून मी थेट भट्टीपाशी गेलो. बायकोचे हात कोपरापर्यंत पिठात होते. मी तिला तिचं पद सांगितलं, माझंही सांगितलं.

“म्हणजे मी मळायचं आणि तुम्ही नुसतं बघायचं?”

“राखायचं.”

“मग आज राखाच,” ती म्हणाली.

त्या दिवशी एका मोठ्या हॉटेलला पहिली खेप जायची होती. ती पसंत पडली तर रोजचं काम, नाहीतर बेकरीला टाळं, अशी वेळ आली होती. पाव टोपल्यांत भरून बायको टेम्पो आणायला गेली आणि मी लाटणं घेऊन पहाऱ्याला उभा राहिलो.

आधी सासरेबुवा आले. चहात बुडवायला एक पाव हवा होता. मी त्यांना नुसत्या चहासकट परत पाठवलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेले एक गृहस्थ आले. चाखायला एक पाव मागू लागले. मी नाही म्हटलं. विकत घेतो म्हणाले, तरी नाही. मग म्हणाले, हे पाव माझ्याच हॉटेलात चाललेत, मी तिथला मॅनेजर आहे. असं सगळेच म्हणतात, मी ऐकवलं. त्यांनी टोपलीकडे हात नेला, मी लाटणं आडवं घातलं. ते दचकून मागे सरकले ते थेट मैद्याच्या उघड्या पोत्यात बसले!

नेमकी तेव्हाच बायको आली. त्या पांढऱ्याफटक आकृतीला तिने चटकन ओळखलं.

“अहो, हे खरंच मॅनेजर आहेत.”

मी लाटणं हळूच पाठीमागे लपवलं. गृहस्थांनी मिशा झटकल्या.

“आधीच्या बेकरीत आमच्या टोपलीतले पाव येणारा-जाणारा उचलायचा. इथे मलासुद्धा मिळाला नाही. उद्यापासून रोज पाठवा.”

जिंकलो! बायको हसता हसता रडली आणि तिने स्वतःच्या हाताने मला गरम पाव लोण्यासकट आणून दिला. मी खुर्चीत बसलो, मोठा घास घेतला आणि गडबड ऐकून परत आलेल्या सासरेबुवांना म्हणालो, आता खुशाल म्हणा लाटसाहेब.

ते कधीपासून चष्मा लावून कोश चाळत होते.

“जावईबापू, इथे अजून एक दिलंय. त्याच जुन्या इंग्रजीत घरच्या नोकराला म्हणायचे ‘पाव खाणारा’.”

माझ्या तोंडात अजून त्याच पावाचा घास होता.