नथूनानांचा बदला

आमचे शेजारी नथूनाना दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खोटी दाढी लावून सख्ख्या भावाच्या घरी हेरगिरी करायला जात.

नंदुरबारात त्यांचं नाटकांना पोशाख भाड्याने देण्याचं दुकान होतं, त्यामुळे दाढ्यांना तोटा नव्हता. मूळ गाव प्रकाशा. तिथे शेताच्या बांधावरून थोरल्या भावाशी, झिपरूआबांशी, भांडण झालं आणि नानांनी सगळ्या गावादेखत बापाची आण घेतली : ‘नथू म्हणून तुझ्या ओसरीवर पाय ठेवणार नाही.’ आण मोडायची नाही आणि बदलाही सोडायचा नाही, म्हणून नाना एका वर्षी बांगडीवाले होऊन गेले, एका वर्षी बैलांचे दलाल.

परत आले की कानाशी लागून सांगायचे, “शत्रूना गोटमा जाई उनू, मास्तर. हळू बोला, भिंतीले बी कान ऱ्हातस.”

मी शाळामास्तर, रहस्यकथांचा भोक्ता. त्यामुळे हे सारं मला फार थोर वाटे. एकदा ते उदास होऊन आले. शत्रूला खोकला झाला होता.

“मग बरंच झालं की,” मी म्हणालो.

नाना माझ्यावर उखडले. “बरं कसं? शत्रू जित्ता पाहिजे. नहीतर बदला कोनावर लेवाना?”

पुढच्या आखाजीला ते धुळ्याचे वैद्य झाले. अडुळशाचं चाटण स्वतः घोटलं. वैद्याला मदतनीस हवा म्हणून मला नेलं. “फक्त गप्प बसानं,” एवढीच माझी भूमिका होती. मी एस.टी.त बसून तिचीही तालीम केली.

आखाजीला खानदेशात पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, वर खरबूज, आणि घरातल्या मुलांनी वडिलांच्या नावाने तिच्यात पाणी घालायचं. आम्ही पोचलो तेव्हा घागर मांडलेली होती. आबांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, वहिनींनी चहा दिला. आबा खोकले. नाना थैलीत चाटण शोधू लागले. सापडेना. आणि मी, इतका वेळ उत्तम गप्प बसलेला मी, बोललो :

“नाना, बाटली माझ्याकडे आहे.”

नानांच्या कपाळावरचा घाम दाढीत उतरला आणि दाढी एका बाजूने सुटू लागली. आता आण मोडली, आता ही ओसरीही गेली, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं. मला तापीत उडी मारावीशी वाटली, पण उन्हाळ्यात तिला पाणी बेताचंच.

“कोन नाना?” आबा शांतपणे म्हणाले. “हाऊ ते धुळाना वैद शे. मास्तर, तुमले ऊन लागनं.”

वहिनी पदर तोंडाशी धरून आत गेल्या.

आबा उठले. घागरीपाशी बसून त्यांनी थोडं पाणी घातलं आणि तांब्या वैद्यांपुढे धरला. “वैदबुवा, मन्हा धाकला भाऊ येत नही. त्यानाऐवजी तुम्ही हात लावा.”

नानांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला. पाणी घागरीत कमी, बाहेर जास्त पडलं. आबा छताकडे पाहत राहिले. दाढी नीट चिकटवायला नानांना तेवढा वेळ पुरला.

निघताना वहिनींनी खापरावरचे मांडे बांधून दिले. वैद्यांना ते आवडतात की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

परतीच्या एस.टी.त नानांनी दाढी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “त्यानी माले वळखं नही ना, मास्तर?”

“छे. कसं ओळखतील?” मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं एवढंच वाक्य वेळेवर आलं.

नानांनी मांड्यांचं गाठोडं जवळ घेतलं.

“शत्रूना खोकला वाढेल शे,” ते म्हणाले. “आखाजीपावत थांबता येवाव नही. पुढला म्हयनाले कोन बनू?”