भाऊजींचा बाहेरचा परवाना

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, गेलं वर्षभर या शहराची रुग्णवाहिका चालवत होते. या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून त्यांना गाडी चालवता येत नाही. हातपाय शाबूत आहेत, डोळे उत्तम आहेत, रक्तदाब तर माझ्यापेक्षा बरा आहे. फक्त त्यांना या देशात येऊन वर्ष झालं, आणि इथल्या कायद्यानुसार बाहेरून आलेला माणूस वर्ष पुरं झालं की गाडी चालवणं विसरतो.

मी स्वतः इथे पुष्कळ वर्षं काढली आहेत आणि इथल्या नियमांबद्दल मला मनापासून आदर आहे. नियमामागे काहीतरी विचार असतोच. तो भाऊजींना समजावा म्हणून मीच त्यांना परवाना कचेरीत घेऊन गेलो. काचेमागे एक बाई बसल्या होत्या. टापटीप, शांत, आवाजात साखर.

"मॅडम, मी काल संध्याकाळीच एका आजींना दवाखान्यात पोचवलं," भाऊजी म्हणाले. "आज मला गाडी येत नाही?"

"काल येत होती. तशी नोंद आहे."

"मग माझा हा परवाना घ्या आणि इथला द्या ना. वर्षभर इथल्याच रस्त्यांवर चालवली आहे."

बाईंनी त्यांचा तिकडचा परवाना उलटसुलट करून पाहिला. "चालवलीत ती ह्याच परवान्यावर ना? हा बाहेरचा. म्हणजे अनुभवही बाहेरचाच धरावा लागतो. इथला अनुभव इथल्या परवान्यावर होतो."

"आणि इथला परवाना कधी मिळतो?"

"इथला अनुभव असला की."

मला हे लगेच पटलं. भाऊजी मात्र काचेकडे बघतच राहिले. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. रुग्णालयाने त्यांची नोकरी महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. नोकरी गेली की राहण्याची परवानगी जाते, आणि ती गेली की भाऊजी, ताई आणि आत्ता कुठे शाळेत रुळलेली माझी भाची, तिघांनी गाशा गुंडाळायचा. बाईंना त्यांची दया आली. त्या म्हणाल्या, "परीक्षा देऊन टाका. तुम्हाला काय अवघड आहे?"

परीक्षा घ्यायला एक वयस्कर साहेब होते. गाडी उमेदवाराने आणायची असते, म्हणून माझी गाडी नेली आणि मी मागे बसलो. भाऊजींनी अशी गाडी चालवली, की मला मागे डुलकी लागली. उतरल्यावर साहेब म्हणाले, "नापास. मान हलली नाही."

"साहेब, मी प्रत्येक वळणाला आरशात बघितलं."

"तुम्ही बघितलंत हे तुम्हाला माहीत. मला कसं कळणार? डोळ्यांना आमच्याकडे गुण नाहीत. मानेला आहेत."

मग भाऊजींना एका मास्तरांच्या शिकवणीला घातलं. हे मास्तर फक्त बाहेरून आलेल्या अनुभवी चालकांना शिकवतात, आणि फक्त मान शिकवतात. गाडी त्यांच्याकडे नाहीच, खुर्च्या आहेत. मी गेलो तेव्हा एक ट्रकवाल्या बाई, एक टॅक्सीवाले काका आणि आमचे भाऊजी टेबलफॅनसारखे डावीकडून उजवीकडे फिरत होते. तिघांच्या डोक्यावर पुढे झापड असलेल्या टोप्या. "टोपी घातली की मान लांबूनही दिसते," मास्तरांनी मला धंद्यातली खुबी सांगितली. "आणि तोंडावर जरा भीती आणायची. सराईत माणूस दिसला की साहेबांना संशय येतो."

भाऊजी हाडाचे कष्टाळू. घरीदारी सराव सुरू झाला. ताईचा फोन आला, "अरे, ह्यांना नुसतं विचारलं, भाजीत मीठ ठीक आहे का. तर आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे, मग मागे वळून बघतात आणि मग 'ठीक आहे' म्हणतात. मला वेड लागायची पाळी आलीय!"

दुसऱ्या परीक्षेला भाऊजी टोपी घालून गेले. मान अशी फिरत होती, की साहेबांची लेखणी थांबायला तयार नव्हती. गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो आणि भाऊजींनी एकदम विचारलं, "साहेब, एवढा घाम कशाने येतोय? डावा हात दुखतोय का?"

"उमेदवाराने परीक्षकाशी गप्पा मारू नयेत," साहेब म्हणाले आणि छाती धरून दारावर कलंडले.

मी घाईघाईने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "गाडी उभी आहे हो, पण ड्रायव्हर नाही. तो परीक्षेला गेलाय."

साहेबांनी डोळे उघडले, माझ्याकडे बोट केलं. "ह्यांच्याकडे... इथला परवाना आहे. ह्यांनी चालवावी."

माझा परवाना अगदी निर्दोष आहे. आजतागायत त्याच्यावर एक डाग नाही. पण अशा वेळी हात कापतात त्याला परवाना काय करणार? भाऊजींनी माझ्या हातांकडे पाहिलं, साहेबांची सीट मागे केली, त्यांच्या कॉलरचं बटण सोडलं आणि म्हणाले, "साहेब, परीक्षा अजून चालू आहे असं समजा. बसून राहा, बोलू नका." डोक्यावरची टोपी काढून त्यांनी माझ्या अंगावर फेकली. मग जे काही झालं ते मी डोळे अर्धवट मिटून पाहिलं. गाडी धावत होती, पण साहेबांना एक धक्का बसला नाही. दवाखान्याच्या दारात डॉक्टर म्हणाले, "जरा उशीर झाला असता तर हातचे गेले असते."

दुसऱ्या दिवशी आम्ही फळं घेऊन भेटायला गेलो. साहेब उशीला टेकून बसले होते. भाऊजींना बघताच त्यांना भरून आलं. भाऊजींचा हात दोन्ही हातांत घेऊन ते म्हणाले, "तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही. नापास मात्र झालात."

"साहेब!"

"एकाही वळणावर मान नाही. मी पडल्या पडल्या बघत होतो."

"मान वळवत बसलो असतो तर तुम्ही वाचला नसता."

"तो माझा वैयक्तिक प्रश्न झाला," साहेब गंभीरपणे म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी एक वाट दाखवली. नियमात हमीची सोय आहे. इथला परवाना असलेल्या कोणाही रहिवाशाने लिहून द्यायचं, की या माणसाने चालवलेल्या गाडीत मी आणि माझे कुटुंबीय निर्धास्त बसू. एक सही. मग परीक्षाच नाही, थेट परवाना.

"मग तुम्हीच करा ना," मी म्हणालो.

"परीक्षकाला हमी देता येत नाही. आणि खरं सांगू? काल मी बसलो, पण निर्धास्त नव्हतो."

आम्हाला वाटलं, एका सहीची काय कथा! वर्षभर भाऊजींनी अर्धं शहर वाहून नेलं आहे. पहिल्यांदा त्या आजींकडे गेलो. गुडघे चोळत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि किंचाळल्याच, "म्हणजे मला त्या दिवशी बाहेरच्या परवान्यावर नेलं? अगं बाई! मेले असते तर?"

"आजी, तुम्ही वाचलात."

"ते माझं नशीब!"

पुढे एक शिक्षक होते. त्यांचं बाळ भाऊजींच्याच गाडीत जन्मलं, आणि बाळाला त्यांनी भाऊजींच्या मांडीवर दिलं. "माणूस देव आहे हो," ते म्हणाले. "पण सही म्हणजे... उद्या काही झालं तर?" रुग्णालयाचे प्रमुख म्हणाले, असा चालक शोधून सापडणार नाही, पण त्यांनी एकदा सही केली तर तो पायंडा पडेल. टॅक्सीवाले काका आणि ट्रकवाल्या बाई सहीला एका पायावर तयार होते. दोघांचेही परवाने बाहेरचे.

संध्याकाळी ताईने हमीचा कागद माझ्यासमोर ठेवला. "तुझ्याकडे आहे की इथला परवाना. तू कर."

"अगं, नातेवाइकाची सही चालते का ते बघायला हवं."

"चालते. वरच छापलंय."

"हो का?" मी कागद हातात घेऊन नीट वाचला. कुटुंबीय हा शब्द त्यात स्पष्ट होता. मला बायको आहे, लहान मुलगा आहे. मी म्हणालो, "ताई, माझा भाऊजींवर पूर्ण विश्वास आहे. प्रश्न तो नाहीच. पण साहेबांना नेताना त्यांनी एकाही वळणावर मान वळवली नाही, हे मी मागे बसून माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खोटं कसं लिहून देऊ?"

भाऊजी माझ्याकडे बघून हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ताई उठली. आत जाऊन ती भाचीची शाळेची पुस्तकं कपाटातून काढायला लागली, आणि भाची विचारत राहिली, "आई, आत्ताच का काढतेस? उद्या शाळा आहे ना?"

महिना उद्या संपतोय आणि सहीची जागा अजून रिकामी आहे. तुम्ही मघापासून साहेबांना हसताय, आजींना हसताय, आता मला मनातल्या मनात नावं ठेवताय. ठेवा, मी ऐकून घेतो. पण कोणीही रहिवासी चालतो, म्हणजे तुम्हीही चालता. नातं लागत नाही, साक्षीदार लागत नाही, हे घ्या पेन.

काय म्हणालात? आधी भाऊजी मूळचे कुठले, ते सांगू?