गड्याबदली गडी

नाना कर्णिक दर चातुर्मासात माणसे पळवीत. ही मी त्यांची बदनामी करीत नाही. ते स्वतःच तसे म्हणत, आणि तेही ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत, भर दुपारी, साहेबाच्या खोलीबाहेर उभे राहून. "या आषाढात दोन पळवले, गोविंदराव. एक पनवेलचा, एक भिवंडीचा. पनवेलचा अजून कच्चा आहे, पण पाय बघा त्याचे! सारसासारखे."

एखादा नवखा शिपाई हे ऐकून पांढरा पडे. मग आम्हाला त्याला बाजूला घेऊन सांगावे लागे, की बाबा रे, हे दरोडेखोर नव्हेत. हे दप्तरखान्यातले कारकून आहेत आणि टेंभी नाक्याच्या आट्यापाट्यांच्या मंडळीचे सर्वेसर्वा आहेत. पळवतात ते गडी, म्हणजे खेळणारे.

आट्यापाट्यांचा हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा आणि होळीला संपायचा. पावसाचे चार महिने मैदानात घोटाभर चिखल. तिथे पाट्या आखणार कोण आणि त्यांवर उभा राहणार कोण? गडी आपापल्या शेतावर, मिठागरावर, दुकानावर निघून जात. गावाला वाटे, खेळ थांबला. नानांचा खेळ तेव्हाच सुरू होई. इतर लोक या चार महिन्यांत कांदा-लसूण सोडतात. नाना झोप सोडत. कोणत्या गावचा कोण गडी नाराज आहे, कोणाला पुढाऱ्याने फेटा द्यायचे कबूल करून टोपी दिली, कोणाची सासुरवाडी ठाण्यात आहे, ही सारी खबर त्यांच्याकडे असे. सासुरवाडीवर त्यांचा फार भरवसा. दोन गड्यांना तर त्यांनी ठाण्यातल्या मुली मिळवून दिल्या होत्या, आणि दोन्ही लग्नांत अंतरपाट धरून स्वतः उभे होते, नवरा ऐन वेळी कल्याणकडे पळू नये म्हणून.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहत होतो आणि माझे मोडी अक्षर बरे होते, एवढ्या दोन गुन्ह्यांसाठी मला त्यांच्या करारनाम्यांचा लेखक व्हावे लागले. हो, करारनामेच. नानांचा तोंडी शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. "लेखी आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि नसेल तर "मग ती तोंडाची वाफ" हा त्यांचा निकाल. गवळणीकडूनसुद्धा त्यांनी दुधात पाणी न घालण्याचा कागद करून घेतला होता. ती बिचारी अंगठा उठवून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून निर्धास्तपणे पाणी घालू लागली.

गड्यांचे करार मात्र पाहण्यासारखे असत. "लिहून घेणार दत्तात्रेय कर्णिक, राहणार ठाणे, लिहून देणार अमुक तमुक, कारणे करारनामा लिहून देतो ऐसा जे" इथपर्यंत ठीक. पुढे कलमे. खेळाच्या दिवशी निर्जळी उपास करू नये. आदल्या दिवशी श्राद्धाचे जेवण जेवू नये. बायको माहेरी गेली असता तिला आणण्यास मंगळवारी जाऊ नये, कारण सराव मंगळवारी. आणि सातवे कलम, ज्याचा नानांना विशेष अभिमान होता: "पाटीवर उभे असता दूरच्या भाऊबंदाच्या मृत्यूची बातमी आल्यास, ती खेळ संपेतो ऐकू आली असे धरू नये." सुतक बातमी कानी पडल्यापासून धरायचे, हे धर्मशास्त्र; म्हणून नानांनी कानालाच कलम लावले होते. आमच्या भटजींनी ते वाचून कपाळाला हात लावला, पण शास्त्रात विरुद्ध काही सापडेना.

शेवटी गडी देवीसमोर बेलभंडार उचलून शपथ घेई, नाना त्याला विडा देत, आणि तो गडी टेंभीचा होई.

त्यांच्या सगळ्या गड्यांत मोलाचा होता गणू. हा कोलशेतचा, मिठागरावर काम करणारा, पंचविशीतला जवान. मैदानात आडव्या पाट्या अनेक, पण मधून उभी जाते ती सूर. सूर धरणारा गडी चपळ असला, तर समोरच्यांची खैर नाही. गणू सूर धरायला उभा राहिला की कल्याणचे लोक आधीच घामाघूम होत. तीन वर्षे कार्तिकातल्या सामन्यात कल्याणला आमच्याविरुद्ध एकही लोण मिळाले नव्हते. लोण म्हणजे साऱ्या पाट्या ओलांडून पलीकडे जायचे आणि मार न खाता परत यायचे. कल्याणचे अण्णा दीक्षित, म्हणजे तिकडचे नाना, या गणूच्या नावाने रात्री दचकून उठत असे ऐकिवात होते.

त्या वर्षी श्रावणात गणू नानांच्या ओटीवर येऊन बसला. मी तिथेच होतो, पनवेलच्या पायांचा करार लिहीत.

"नाना, अण्णा दीक्षित आल्ते कोलशेतला," तो म्हणाला. "मना रेल्वेत सांधेवाल्याची नोकरी देतान बोलं. कल्यानला. रावाला खोली पन."

नानांनी पान खाली ठेवले. "मग?"

"मग काय? मी सांगला, माजा नवा कागद टेंभीला हाय. तीन हंगामाचा. एक झाला, दोन रायले. मी बेल उचललाय, नाना. मी कुठं जात नाय."

नानांची छाती फुगलेली मी पाहिली. गणू उठून पायऱ्या उतरू लागला. आत येताना धुतलेले त्याचे पाय फरशीवर उमटले होते, आणि त्या ओल्या ठशांत लालसर डाग होते. मिठागरावर राबणाऱ्याचे पाय मीठ खाते. आधी भेगा, मग जखमा, आणि त्या भरून येत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा मिठातच उतरायचे असते.

"गणू," नाना म्हणाले, "बायको कशी आहे?"

"सातवा म्हैना."

गणू गेला. नाना बराच वेळ ती फरशी बघत होते. मग म्हणाले, "गोविंदराव, त्याचा बाप चाळिशीत काठी घेऊन चालायचा. मी पाहिलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोलशेतला निरोप धाडला, की मी तुला सोडले, नोकरी घे. गणूचा उलट निरोप आला, की कागदात तसे नाही. आणि खरेच नव्हते! नानांनीच आपल्या हौसेने कलम घातले होते, की लिहून घेणाराने गडी सोडणे तो केवळ गड्याबदली गडी घेऊनच सोडावा, अन्य कोणत्याही कारणे, दयेने, लोभाने वा भिडेने, सोडू नये. 'दयेने' हा शब्द माझ्याच अक्षरात होता. गणूला वाचता येत नव्हते, पण शपथेच्या वेळी वाचून दाखवलेले शब्दन् शब्द त्याला पाठ होते.

"नाना, कागद फाडून टाका," मी म्हणालो.

"फाडू?" ते असे दचकले, जणू मी कचेरीला आग लावायला सांगितली आहे. "गोविंदराव, तुम्ही सरकारचे मीठ खाता आणि कागद फाडायला सांगता?"

मग एकच वाट उरली, कल्याणकडून बदली गडी घेणे. आता ठाण्याचा माणूस हंगामाबाहेर कल्याणला गेला तर गरज ठाण्याची ठरते, आणि कल्याणचा इकडे आला तर कल्याणची. तेव्हा पूर्वापार रिवाजाप्रमाणे बोलणी मुंब्र्याच्या स्टेशनावर, मोठ्या बाकावर. आम्ही पश्चिमेकडून उतरलो, अण्णा पूर्वेकडून. दोघे बाकाच्या दोन टोकांना बसले आणि मधे मी, दौत मांडीवर घेऊन.

टेंभी नाक्यावर तोवर चर्चेला ऊत आला होता. गणू जातो ही बातमी फुटली होती; पण नाना त्याच्या बदल्यात कल्याणचा कोणता वाघ आणणार, यावर पैजा लागल्या होत्या. दामू सोनार आणणार, असे बहुतेकांचे मत. काहींना वाटे, दामू आणि वर त्याचा धाकटा भाऊ.

अण्णांनी सुपारी कातरली. "बोला नाना. उपकार आहेत तुमचे. कोण हवा? दामू सोनार देतो."

"दामू नको."

"मग केशव? डावखुरा आहे, भल्याभल्यांना चकवतो."

"केशव नको." नाना रुळांकडे बघत होते. "तुमच्या पटावर बाळकृष्ण कर्णिक म्हणून एक नाव आहे. ते द्या."

अण्णांच्या हातातला अडकित्ता थांबला. ते हसणार होते, पण हसले नाहीत. मला मात्र काहीच कळेना. अण्णांनीच सांगितले, की ते गृहस्थ पन्नाशी उलटलेले, मामलेदार कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले. मैदानाच्या कडेला बसून गड्यांचे सदरे सांभाळतात. मानाने नाव पटावर ठेवले आहे, इतकेच.

"कर्णिक?" मी विचारले.

"थोरला भाऊ माझा," नाना म्हणाले.

पाच वर्षे मी या माणसासमोर राहिलो. त्याला भाऊ आहे हे मला मुंब्र्याला कळले.

"गोविंदराव, तुम्ही लिहा," नाना म्हणाले, आणि मी लिहू लागलो. सारी कलमे नेहमीची. शेवटी त्यांनी एक नवीन सांगितले: "सदरहू गड्याने हंगाम चालू असेतो लिहून घेणाराचे घरी मुक्कामास राहावे आणि दोन्ही वेळ तेथेच जेवावे."

"हे कलम पूर्वी कोणाला घातलं नव्हतं," मी म्हणालो.

"आता घाला."

"पण होळीला हंगाम संपला की?"

"पुढचा करार होळीच्या आधी करू. मी कधी उशीर केलाय?"

अण्णांनी कागद घेतला, नीट घडी घातली आणि उठताना माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बाळकृष्णपंतांच्या कुटुंबाला चैत्रात देवाज्ञा झाली. मूलबाळ नाही. माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहतात, जेवण खानावळीतून येतं. निम्मं परत जातं."

परतीच्या गाडीत नाना आपण होऊन बोलले. तसे ते कधी बोलत नसत. दोघे भाऊ टेंभीकडूनच खेळायचे. अठरा वर्षांपूर्वी दादाची कल्याणला बदली झाली, आणि त्याच कार्तिकात तो कल्याणकडून उतरला आणि ठाण्यावर दोन लोण करून गेला. "मी त्याला भर मैदानात फितूर म्हटलं. थोरल्या भावाला, चारशे लोकांसमोर. त्याने पागोटं उचललं आणि गेला."

"आणि मग तुम्ही करार लिहून घ्यायला लागलात."

"हो. कारण मग मला कळलं, की त्याचा काही दोष नव्हता. त्याने कुठे काय लिहून दिलं होतं?" ते खिडकीबाहेर खाडीकडे बघत राहिले. "वहिनी गेल्याचं चौथ्या दिवशी कळलं. एक भाजीवाला सांगून गेला. ऐकलं नाही असं म्हणता आलं असतं, गोविंदराव. सुतकाचे उरलेले सहा दिवस धरले. कचेरीत ताप आहे म्हणून कळवलं."

मला तो ताप आठवला. मी काढा घेऊन गेलो होतो आणि त्यांनी मला दाराबाहेरूनच परत पाठवले होते. मला तेव्हा राग आला होता. आता मी गाडीत मान खाली घालून बसलो, कारण डोळ्यांत पाणी आले होते आणि नानांना असले प्रकार आवडत नसत.

भाद्रपदात बाळकृष्णपंत आले. एक वळकटी, एक ट्रंक, आणि हातात करारनामा. दारातच त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "दत्तू, हे दोन्ही वेळचं कलम मला मान्य नाही. मी रात्री नुसतं दूध घेतो."

"दादा, सही झाली आहे."

"मग दुरुस्ती कर."

"रात्री थोडा भात. मऊ. त्याखाली मी येणार नाही."

"वाटीभर."

"दीड वाटी."

त्यावर दोघे तासभर बसले. वाटी घासून आणून मापून झाली. अठरा वर्षांबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. शेवटी सव्वा वाटीवर मिटले आणि मी समासात दुरुस्ती लिहिली.

कार्तिकात सामना झाला. करारच असल्याने बाळकृष्णपंतांना पाटीवर उभे करणे भाग होते. नानांनी त्यांना शेवटच्या पाटीवर ठेवले. ते धोतराचा काचा मारून, गुडघ्याला तेल लावून, मोठ्या निश्चयाने उभे राहिले, आणि कल्याणचा प्रत्येक गडी त्यांच्या बाजूने निघून गेला. सूर आता गणू धरीत होता, पण पलीकडच्यांसाठी. रेल्वेचे जोडे घालून त्याच्या पायांच्या जखमा भरून आल्या होत्या, आणि तो असा पळत होता की आमच्याच माणसांच्या तोंडून शाबासकी निघाली. पहिले लोण त्याने घेतले. दुसरेही त्यानेच. आम्ही असे हरलो की भिवंडीचे लोकही हसले.

टेंभी नाक्यावर नानांना कोणी सोडले नाही. वाघ देऊन म्हातारा आणला, असे तोंडावर म्हणाले. दोघा गड्यांनी मंडळी सोडण्याची धमकी दिली. नाना खाली मान घालून घरी गेले. दिवेलागणीला मला राहवेना. आयुष्यभराची कमाई एका दिवसात गेली, माणूस खचून बसला असेल, दोन शब्द बोलावे, म्हणून मी रस्ता ओलांडला.

ओटीवरच आवाज ऐकू आले.

"तू मला चौथ्या पाटीवर ठेवायला हवं होतंस!"

"चौथ्या? दादा, तुझ्या गुडघ्याचा आवाज मला इकडे येत होता!"

"गुडघा माझा आहे की तुझा? आणि तो पनवेलचा पोरगा! डावीकडे वाकतो, सगळ्यांना दिसतं. तुला नाही दिसत?"

"दिसतं. मग तूच शिकव ना त्याला."

"शिकवीन. उद्यापासून. मंगळवार कशाला पाहिजे?"

"आणि त्या वर्षी तू जी दुसरी पाटी चकवलीस, ती कशी चकवलीस? अठरा वर्षं विचार करतोय मी!"

आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. दारातून डोकावलो, तर बाळकृष्णपंत दोन पाटांची पाटी करून तिच्यासमोर कमरेत वाकले होते, आणि नाना हात पसरून ती अडवायला उभे होते. दोघांच्याही अंगावर अजून मैदानाची माती होती. नाना ओरडत होते, हसत होते, आणि त्यांचे गाल ओले होते, ते त्यांनी पुसलेही नव्हते.

मी सांत्वनाला आलो होतो. तसाच पाय न वाजवता मागे फिरलो. चुलीवरचा भात करपला होता, आणि घरात त्याचा वास दोघांपैकी एकालाही आला नव्हता.