जावईबापूंची हिरवी पट्टी

जावयाने सासरी यावं, खावं-प्यावं, कौतुक करून घ्यावं आणि निघावं. आमचे जावईबापू मात्र उंबऱ्यातच बाह्या सरसावतात. "आई, घरात काही बिघडलंय का?" नाही म्हटलं की चेहरा एवढासा होतो.

त्या दिवशी त्यांचं नशीब जोरावर होतं. माझ्या शिवणखोलीतला जुना कंप्यूटर सकाळीच गेला. मुलींच्या फुटबॉल संघाच्या शर्टांवर गरुड भरायचा होता आणि गरुडाची नक्षी त्या मेल्याच्या पोटात. दुपारी सामना. छातीवर गरुड नसेल तर मुलींना मैदानात घेणार नव्हते.

"दोन मिनिटांचं काम," म्हणत जावईबापूंनी कंप्यूटर उघडला, आतली डिस्क काढली आणि आपल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपला जोडली. डिस्कला वीज हवी म्हणून माझ्या भरतकामाच्या मशीनची पिन उपटली. नक्षीचं फोल्डर उघडायला गेले, तर लॅपटॉप म्हणाला, तुम्हाला परवानगी नाही.

"कोणाची परवानगी?" मी विचारलं.

"जुन्या सिस्टिमची, आई. ती गेली, पण कुलपं तिचीच आहेत. आता नवी सिस्टिम एकेका फाइलचं कुलूप बदलेल."

पडद्यावर एक हिरवी पट्टी उगवली आणि सरकू लागली. सरकू लागली म्हणजे काय, तिच्यापुढे गोगलगाय घोडा वाटावी.

जावयाला तोंडावर बोलायची सोय नाही. लेकी बोले, जावया लागे, एवढंच आमच्या हाती. "का गं," मी लेकीला म्हणाले, "गरुड तर एकच आहे. मग हे काय अख्खं जंगल आणतायत?"

लेकीने वाकून पाहिलं. "अहो! तुम्ही अख्ख्या डिस्कलाच परवानगी लावलीत?"

"एकदाच काय ते निपटून टाकू. उद्या परत नको."

"अहो, सामना आज आहे!"

त्यांनी 'रद्द' दाबलं. तर रद्द करण्याचीही एक पट्टी आली! ती सरेपर्यंत माझा चहा निवला. मग नुसत्या नक्षीच्या फोल्डरला परवानगी लावली, तरी पट्टी तशीच लंगडत चाललेली. त्याच फोल्डरात आमच्या कन्यारत्नाने लग्नाचे सगळे फोटो कोंबून ठेवले होते.

"हरवू नयेत म्हणून ठेवले," लेक पुटपुटली. आता जावईबापूंना हसू फुटलं.

एवढ्यात खेळाच्या बाई दारात. "झाले का शर्ट? मुली बाहेर बूट बांधून बसल्यात."

"परवानगी येतेय," जावईबापू म्हणाले.

"कुठून?" बाईंनी वळून रस्त्याकडे पाहिलं.

मी इस्त्रीकडे हात नेला तसे जावईबापू दचकले. "आई, नको! फ्यूज उडाला तर सगळं अर्धवट राहील. मशीनही लावू नका."

माझीच खोली, माझंच मशीन आणि मलाच बंदी! मी तरातरा स्वयंपाकघरात गेले, तिथून लांब वायर ओढत आणली आणि मशीन लावलं. म्हटलं, बाईंच्या रुमालावर एखादं फूल तरी काढावं, रिकामे हात मला चावतात. मशीनची इवलीशी काच उजळली. बटण दाबलं, गुलाब आला. पुन्हा दाबलं, बदक आलं. आणखी दाबलं, तर समोर पंख पसरून गरुड! गेल्या वर्षीचा, जसाच्या तसा. लेक दर वेळी पेनड्राइव्हमधून नक्षी भरायची, म्हणून मीही समजत आले होते की मशीनच्या डोक्यात काही राहत नाही.

मी लगेच पहिला शर्ट चौकटीत ताणला. लेक दोरे ओवायला बसली, बाई सुटे धागे कापायला.

"आई, मशीनचा आवाज येतोय!" पट्टीवरची नजर न हलवता जावईबापू ओरडले.

"अगं, सांग त्यांना, येऊ दे म्हणावं. तो काही परवानगी मागत नाहीये."

शेवटचा शर्ट घेऊन बाई धावत सुटल्या. बाहेर मुलींचा एकच गलका झाला आणि लांब जात जात विरला. तेवढ्यात जावईबापूंनी दोन्ही हात वर केले. "मिळाली! आई, हा बघा तुमचा गरुड! बोलवा बाईंना!"

लेकीने पदर तोंडात कोंबला. या खेपेला मी तिला मधे घातलं नाही.

"जावईबापू," मी म्हणाले, "माणूस तुम्ही लाखाचे, पण तुमची दोन मिनिटं फार लांब असतात. इथून पुढे माझ्या खोलीत काही उघडायचं, तर आधी माझी परवानगी काढायची. आणि आत्ताच सांगून ठेवते, ती या पट्टीपेक्षाही सावकाश मिळते."