डॉक्टरांच्या डोक्यावरचा डबा

महिन्यात दहा किलो उतरवतो, नाहीतर नाव बदलून ठेवा माझं! असं मी घरी ठणकावलं. आमची ही फक्त "बरं" म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात मला त्या 'बरं'चीच धास्ती वाटत आलीय.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे लिफ्ट बंद असेल तिथेच मला बोलावणं आणि तिथेच जिने! त्यात उजवा गुडघा सुजून टम्म. साहेबांनी बजावलं, "फिट असल्याचा डॉक्टरचा कागद आण, नाहीतर सोमवारपासून गोदामात बस!" गोदामात? मी? हिला घेऊन तडक डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर म्हणाले, "काका, वजनाचा नुसता भार पडत नाही. चरबी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते. 'पोट भरलं' असा तो मेंदूला निरोप. तुमचा मेंदू ऐकत नाही, आणि तेच लेप्टिन गुडघ्याची सूज भडकवतं. आधी वजन उतरवा, मग कागद!"

"म्हणजे दोष हार्मोनचा!" मी खूश.

"आणि खाणं कोणाचं?" हिने विचारलं.

घरी खाऊच्या कपाटाला कुलूप लागलं. पण मीही लिफ्टवाला! डॉक्टरांच्याच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली, किल्ली माझ्याकडे. तिथे क्रीम बिस्किटांचा डबा ठेवला. रोज तपासणीच्या नावाखाली वर जायचं, चार-सहा हाणायची, तोंड पुसून खाली!

शनिवारी डॉक्टरांचा फोन. "काका, तुमचा कागद लिहायलाच निघालो होतो, लिफ्टमध्ये अडकलोय! लवकर या!"

फोनमध्येच डॉक्टरांच्या मागून हिचा आवाज आला, "अहो, जिना सावकाश चढा!" माझी रदबदली करायला गेली होती बिचारी. मला भरूनच आलं.

सहा मजले चढलो. पायरीपायरीला आई आठवली! वर पॅनेल उघडलं आणि कपाळावर हात मारला. डब्यापासून थेट आतल्या वायरींपर्यंत मुंग्यांची रांग! झाडून काढल्या, लिफ्ट सुरू केली. दोघं घामाघूम होऊन थेट वरच आली.

"काय बिघडलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुंग्या."

"मुंग्या इथे कशाला येतील?" म्हणत हिने माझ्या मिशीवरचा चुरा झटकला. सहा मजले चढल्यावर भूक लागते हो!

डॉक्टरांनी तिथेच कागद लिहिला : 'जिने चढण्यास फिट. सोबत पत्नी असावी.'

गोदाम टळलं. आता प्रत्येक इमारतीत ही माझ्यामागून जिने चढते. महिन्यात चार किलो उतरले. तिचे!