कबुतर उडवण्याची रीतसर पद्धत

बंद दाराआड बसलेला माणूस काम करतोय की नुसताच बसलाय, हे बाहेरून ओळखण्याचा मार्ग मानवजातीला अजून सापडलेला नाही. म्हणूनच दाराला बेल असते आणि सोसायटीला सेक्रेटरी. सानपाड्याच्या ‘सागरछाया’ सहकारी गृहनिर्माण संस्थेत (सागर दिसत नाही, छाया शेजारच्या टॉवरची) ही जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे, म्हणजे नंदकुमार थिटे यांच्याकडे आहे. मी ती मागितली नव्हती. दर निवडणुकीला दुसरा कोणी अर्ज भरणार नाही, एवढीच काळजी घेत आलो.

चौथ्या मजल्यावरचा जुनैद तुंगेकर महापेच्या कंपनीत होता. एसी, कॅन्टीन, न्यायला-आणायला बस. असं छान चाललेलं सोडून पोरगा घरी बसला. सकाळी अकराला, म्हणजे सभ्य माणसं कुणाच्या तरी हाताखाली असतात त्या वेळी, तो हाफ पँटवर बाल्कनीत उभा राहून कबुतराकडे टक लावून बघतो, असं मला तीन सभासदांनी कळवलं. (तेही त्या वेळी घरीच होते, पण ते रिटायर आहेत, त्यांना हक्क आहे.) मी जाऊन बेल वाजवली.

जुनैदने बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की तो गेम बनवतो. छोटे, ब्राउझरमध्ये चालणारे. डाउनलोड नको, ओटीपी नको, लिंक उघडली की खेळ सुरू. कुठल्या कंपनीसाठी म्हणून विचारलं, तर म्हणे कुठल्याच नाही, मी इंडिपेंडंट डेव्हलपर आहे. आमच्या काळी या पदाला वेगळा शब्द होता, पण त्याची आई समोर होती, म्हणून मी तो गिळला.

त्याने गेम मोबाइलवर काढून मला वर्णन करून सांगितला. एक बाल्कनी. एसीच्या डब्यावर एक कबुतर. ते मान वळवून पलीकडे बघतं, तेवढ्या क्षणात आपण स्क्रीनवर टिचकी मारायची, की टाळी वाजते, कबुतर उडतं, एक पीस हेलकावे खात खाली येतं आणि गेम संपतो. टिचकी चुकली तर कबुतर आपल्याकडे असं बघतं की फ्लॅट आपला असून आपणच भाडेकरू वाटावं. बस्स, एवढंच. नुसत्या त्या मान वळवण्यावर त्याने अख्खा पावसाळा घालवला होता. पंखांची फडफड म्हणजे अम्मीची छत्री फटाफट उघडून-मिटून केलेलं रेकॉर्डिंग. छत्री त्यात कामी आली. त्याच्या आईने, म्हणजे खदीजाभाभींनी, गेम खेळून पाहिला आणि कबुतर उडाल्यावर त्या एकट्याच खुदकन हसल्या, हे जुनैदने मला दोनदा सांगितलं. त्याला तेवढंच हवं होतं. कुणीतरी खेळावं, कबुतर उडावं आणि त्या माणसाने खुदकन हसावं. याला महत्त्वाकांक्षा म्हणायचं की नाही, हे मला ठरवता येईना.

त्याचे वडील इद्रीसभाई यांचं कळंबोलीच्या लोखंड बाजारात ऑफिस आहे. अँगल, चॅनल, पत्रे. तिथे त्यांनी मुलासाठी एक खुर्ची आणून ठेवली होती, अजून प्लास्टिकसकट. अट अशी की बकरी ईदपर्यंत हजार अनोळखी माणसांनी गेम खेळला तर ठीक, नाहीतर खुर्ची. अनोळखी म्हणजे नातेवाईक चालणार नाहीत. आता तुंगेकरांचा गोतावळा उरणपासून म्हसळ्यापर्यंत पसरलेला. त्यांना हजार अनोळखी माणसं हवी तर घाट चढून देशावरच जायला पाहिजे. जुनैदने लिंक सगळीकडे टाकून बघितली होती. सगळ्यांनी अंगठा पाठवला होता, काहींनी दोन. उघडली कुणीच नव्हती.

मला पोराची दया आली. मी स्वभावाने कडक आहे, पण दगड नाही. नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींचा एक ग्रुप आहे, त्यात मी आहे. तिथे सगळे एकमेकांना अनोळखी, कारण प्रत्येकजण स्वतःचं लिहितो आणि दुसऱ्याचं वाचत नाही. तिथे लिंक टाकतो म्हटल्यावर जुनैदचे डोळे चमकले. फक्त एक, म्हटलं, सोसायटीच्या आवारात तयार झालेली वस्तू बाहेर पाठवायची तर कमिटीची मंजुरी लागेल. असा नियम उपविधींत नाही. पण तो का नाही, याचंही कारण तिथे दिलेलं नाही.

सभा झाली. हजर सदस्य अकरा, लिंक उघडून आलेले शून्य, सूचना देणारे अकरा. आपल्या समाजात लोकसहभाग उरला नाही म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत. खजिनदार प्रसाद रेगे यांनी मुळालाच हात घातला. ज्या गोष्टीला ओटीपी लागत नाही ती खरी कशी मानायची, असं ते म्हणाले. ओटीपी घालायचं ठरलं. अरुणाताई चोणकर रोज सकाळी कबुतरांना ज्वारी घालतात. (ज्वारी त्यांची, पुढची व्यवस्था खालच्या मजल्यांची.) टाळीने कबुतराच्या मनावर परिणाम होतो असं त्यांचं मत पडलं. टाळी काढली. मग उडवायचं कसं? तर रेगे म्हणाले, आपण कुणालाही असं एकदम उठवत नाही, आधी नोटीस देतो. नोटीस घातली. उत्तराला पंधरा दिवसांची मुदत घातली. कबुतराने नोटीस घ्यायला नकार दिला तर ती एसीच्या डब्यावर चिकटवायची, तीही दोन साक्षीदारांसमोर. मुलं खेळणार तर काही शिकायला हवं, म्हणून अस्मिता मॅडमनी (गणित, नववी) साक्षीदार निवडण्याआधी औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, म्हणण्याची सक्ती केली. दुपारी दोन ते चार गेम बंद, कारण त्या वेळी मी झोपतो. तळमजल्यावरच्यांना बाल्कनी नाही, त्यांनी अन्यायाची तक्रार केली, तेव्हा त्यांच्यासाठी कबुतराच्या जागी दुसऱ्याची स्कूटर ठेवली.

जुनैद प्रत्येक सूचनेला ‘बरोबर आहे काका, पण...’ म्हणायचा. ‘पण’च्या पुढे त्याला कुणी जाऊ दिलं नाही, कारण पुढची सूचना रांगेत उभी असायची. एकदाच तो जरा मोठ्याने बोलला.

“काका, पण मग यात खेळायचं काय?”

हा नुसता प्रश्न होता, सूचना नव्हती, त्यामुळे मला तो इतिवृत्तात घेता आला नाही.

ईद जवळ येत होती. इद्रीसभाईंनी खुर्चीचं प्लास्टिक काढल्याची बातमी खदीजाभाभींकडून आली. मग जुनैदने मान खाली घालून सगळं केलं. स्वतःचा मूळचा गेम मात्र त्याने पुसला नाही, वेगळ्या लिंकवर तसाच ठेवला. नव्या गेमचं नाव कमिटीने दिलं: ‘कबुतर निष्कासन प्रणाली’. त्यात कबुतर उडत नाही. ते बसून राहतं, मुदत संपायच्या आत अंडी घालतं, मग अंड्यांना स्वतंत्र नोटीस काढावी लागते. पिल्लं सज्ञान होईपर्यंत त्यांच्या वतीने कोण सही करणार, हा पेच पुढच्या लेव्हलला येतो. हार नाही, जीत नाही. प्रकरण प्रलंबित राहतं.

आणि काय सांगू महाराजा! मी लिंक टाकली आणि ग्रुप पेटला. खारघरचा एक सेक्रेटरी जेवायला ताटावर येईना. नेरुळच्या दोन सोसायट्यांनी एकाच कबुतरावर हक्क सांगितला आणि दोघींनी वकील केले. रबाळ्याच्या एका कारखान्यातल्या एचआर मॅनेजरने खेळाच्या नादात एका जिवंत फिटरला कबुतराची नोटीस दिली. फिटरने रीतसर उत्तर दिलं, अंड्यांचा रकाना रिकामा सोडून. हजार अनोळखी माणसं दुसऱ्याच दिवशी पूर्ण झाली. इद्रीसभाई शब्दाचे पक्के. त्यांनी खुर्ची पुतण्याला दिली आणि बिल्डिंगभर मिठाई वाटली. आमचा पोरगा गेमवाला आहे, असं ते आता लिफ्टमध्ये अनोळखी माणसांनाही सांगतात.

तेव्हापासून जुनैद खरोखर कामात असतो. दहा ते सहा बसून आलेल्या सूचनांना उत्तरं देतो. ऐरोलीपासून उलव्यापर्यंतच्या सोसायट्या सूचना पाठवतात. कुणाला कबुतराची पोलीस पडताळणी हवी आहे, कुणाला त्याला पार्किंगचा स्टिकर द्यायचा आहे. बाल्कनीत तो येत नाही. नवीन गेमही त्याने केलेला नाही. आमचे सभासद समाधानी आहेत. पोरगा आता कसा नोकरीवाल्यासारखा दमलेला दिसतो, असं म्हणतात.

परवा तो आपणहून माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. म्हणाला, मूळच्या गेमवर अजून एकच माणूस येतं, अम्मी. ती रोज एकदा कबुतर उडवते आणि हसते, पण हल्ली ती मला बरं वाटावं म्हणून हसते, मला कळतं ते. एवढं बोलून त्याने ती लिंक माझ्या मोबाइलवर पाठवली.

“काका, दोन मिनिटं लागतात,” तो म्हणाला. “एकदा उडवून बघा ना. मी समोर बसतो, काही बोलणार नाही.”

मी मोबाइल हातात घेतला. चष्मा लावला. लिंक समोर होती, बोट तिच्यापर्यंत नेलं, आणि नेमकं तेव्हाच मला सुचलं की कबुतराऐवजी कावळा घेतला तर पितृपक्षात चांगली मागणी येईल. विसरायच्या आत ते सांगणं भाग होतं. मी सांगितलं. जुनैदने ते मोबाइलवर टिपून घेतलं, थँक यू काका म्हणाला आणि गेला.

तुम्हाला माझा राग आला असेल. चांगल्या पोराचं या माणसाने वाटोळं केलं, म्हणत असाल. म्हणा. पण तुम्हीही मला एक सांगा. मूळची लिंक देता का हो, मीच दोन मिनिटं खेळून बघतो, असं हे वाचताना एकदा तरी तुमच्या मनात आलं? नाही ना? तुमच्या मनात आलं ते असं की त्याने कमिटीकडे जायलाच नको होतं, नोकरी सांभाळून हा छंद करायला हवा होता, आणि गेमचं नाव तरी जरा बरं ठेवायचं. चांगल्या सूचना आहेत. लेखी द्या, मी जुनैदकडे पोचवतो.