बापूसाहेबांचा सरकारी श्रोता

पुढच्या रांगेत पोलिसांचा माणूस वही घेऊन बसलेला नसेल, तर बापूसाहेब गुप्त्यांच्या तोंडून भाषणच फुटत नसे. नैरोबीत इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा ते एक साप्ताहिक चालवत आणि सरकारला मनसोक्त झोडपत. त्यांच्या प्रत्येक सभेला सीआयडीचा माणूस येई आणि शब्द न् शब्द उतरवून घेई. सवय लागली ती लागलीच. पुढे त्याच इंग्रजांच्या देशात, लंडनच्या वेम्बलीत येऊन राहिले. म्हणायचे, "ते आमच्याकडे न विचारता राहिले, आता मी राहतो. फिटंफाट!"

मी पुण्याहून नोकरीसाठी आलो आणि त्यांच्या शेजारचं घर घेतलं. ऐंशी उलटल्यावर बापूसाहेब कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले. अपक्ष, कारण कुठल्याच पक्षात ते अर्ध्या तासावर टिकत नसत. सभेसाठी त्यांनी पोलिसांना फोन करून रीतसर माणूस मागितला.

"सर, आर यू इन डेंजर?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"नो मॅडम! दॅट इज माय कंप्लेंट!"

मग पुढच्या रांगेत वही घेऊन बसायला माझी नेमणूक झाली. "तू आयटीतला. चेहऱ्यावर काही दिसत नाही. शोभशील." टाळ्या वाजवायच्या नाहीत, हसायचं नाही, चहा दिलाच तर संशयानं घ्यायचा, असं बजावलं.

तीन सभा झाल्या. कम्युनिटी हॉलमध्ये आपल्या मंडळींची सात डोकी, त्यातली दोन पुढच्या योगा क्लासला लवकर आलेली. बापूसाहेब टेबलावर मूठ आपटून गरजत आणि मी खाली मान घालून ईलिंग रोडवरून आणायच्या भाजीची यादी करत असे. खोटं कशाला बोलू, भाषणातलं अक्षर ऐकलं नाही.

निवडणुकीत बापूसाहेब सणकून आपटले. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर. "वही आण. लोकांना काय पटलं नाही ते बघू."

दिली. मेथी, दोडकी, कढीपत्ता. मला वाटलं, आता माझी खैर नाही.

"म्हणजे कुणीच लिहून घेतलं नाही," एवढंच म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बापूसाहेब, पुन्हा बोला ना. आत्ता लिहितो. आईशप्पथ."

नको नको म्हणत उठले, कोटाची बटणं लावली. मागणी एकच होती. लायब्ररी पाचला बंद करू नका, आठपर्यंत उघडी ठेवा.

"पत्नी गेल्यापासून पाचनंतर माझ्याशी कुणी बोलत नाही. लायब्ररी उघडी असली तर तिथली मुलगी निदान गुड ईव्हनिंग म्हणेल. शेजारी पुण्याचा एक इंजिनिअर राहतो. सहाला घरी येतो. मुलगा चांगला आहे, पण त्याला कामं असतात."

माझं पेन थांबलं. "हेसुद्धा बोललात सभेत?"

"तिन्ही सभांत," बापूसाहेब म्हणाले.